गायरान : खानदेशातील सामाईक भूमीचे भूदृश्य, वारसा आणि हक्क
(अमळनेर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

ग्रामीण महाराष्ट्रातील गायरान ही जमीन महसुली दप्तरात प्रामुख्याने क्षेत्र म्हणून नोंदली गेली आहे. गायरानाचे मोल मात्र त्याच्या क्षेत्रफळाबरोबर त्यावरील वहिवाटीत आणि ती वहिवाट सांभाळणाऱ्या नियमांत असते. प्रस्तुत लेखात अमळनेर व लगतच्या खानदेशी परिसराच्या संदर्भात गायरानाचे स्वरूप, त्याच्या वारशाची अंगे, ब्रिटिश महसूल व्यवस्थेचा त्यावरील परिणाम आणि आजच्या वादाचे मूळ यांचे विवेचन केले आहे. इंग्लंडमधील सामाईक कुरणांशी तुलना करून, जमिनीची नोंद आणि हक्काची नोंद यांतील तफावत हा या प्रश्नाचा गाभा असल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : गायरान, गुरचरण, सामाईक भूमी, वहिवाट, निस्तार, ग्रामसभा, खानदेश.

प्रस्तावना

मराठी मुलखात गावाची कल्पना ‘पांढरी’ आणि ‘काळी’ या दोन शब्दांनी मांडली जाते. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे कसण्याची जमीन. मात्र या दोहोंच्या दरम्यान आणि सभोवती आणखी एक गाव पसरलेले असते. गायरान, खळवाडी, पाणवठा, नदीचे वाळवंट, देवस्थानाचा माळ, गाडरस्ता, स्मशानभूमी आणि शिवेवरचा बरड यांचा त्यात समावेश होतो. ही भूमी कोणा एकाची नसते. तिच्यावर पीक निघत नाही, त्यामुळे तिचा हिशेबही फारसा कोणी मांडत नाही. तरीही ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, अशा कुटुंबाची शेळी याच भूमीवर जगते आणि त्याची चूलही येथील सरपणावर पेटते.

गेल्या काही दशकांत गायरान हा शब्द वृत्तपत्रांतून बहुधा ‘अतिक्रमण’ या शब्दाच्या सोबतीनेच वाचावयास मिळतो. त्यामुळे गायरानाचा विचार कायदा व सुव्यवस्थेच्या अंगाने होतो. भूदृश्य आणि वारसा म्हणून होणारा विचार मागे पडतो. हा दुसरा विचार झाल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तरही नीट मिळणार नाही, अशी या लेखाची भूमिका आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

गायरान, गुरचरण, कुरण आणि पडीक हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. गावाच्या जनावरांना विनामूल्य चरण्यासाठी राखून ठेवलेली जमीन म्हणजे गायरान अथवा गुरचरण. कुरण म्हणजे गवत वाढावे म्हणून काही काळ चराईस बंद ठेवलेली जमीन. तेथील गवत कापून नेण्याचा अथवा लिलावाने देण्याचा प्रघात असे. पडीक म्हणजे लागवडीखाली नसलेली जमीन. म्हणजेच गायरान आणि कुरण हे शब्द जमिनीचा उपयोग सांगतात, तर पडीक हा शब्द लागवडीचा अभाव सांगतो. गायरानाला ‘पडीक’ म्हणू लागताच त्याचा उपयोग दृष्टिआड होतो आणि ते ‘रिकामे’ भासू लागते. पुढील विवेचनात हा शब्दभेद वारंवार उपयोगी पडणार आहे.

अमळनेर परिसराचे भूदृश्य

अमळनेर हे शहर बोरी नदीच्या काठी वसले आहे. बोरी ही तापीची उपनदी होय. तापीच्या दक्षिणेकडील हा प्रदेश बहुतांशी सपाट व काळ्या मातीचा असून पर्जन्यमान कमी व अनिश्चित आहे. तापीकाठची खोल काळी जमीन कापसाला मानवते. दक्षिणेस पारोळा व धुळ्याच्या बाजूला जावे तशी जमीन हलकी व चढउताराची होत जाते. गावाच्या शिवारातील उथळ मातीचा, मुरमाड आणि नांगराला न जुमानणारा भाग बहुधा चराईकडे आला. बाभूळ, बोर, हिवर, पळस, तरवड अशी काटक झाडे-झुडपे आणि पहिल्या पावसाबरोबर उगवणारी पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी गवते हे या माळाचे ओळखीचे रूप. टिटवी आणि चंडोल हे जमिनीवर घरटी करणारे पक्षीही या उघड्या माळावर अवलंबून असतात.

या भूमीचे महत्त्व ऋतुमानाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. पीक निघाल्यानंतर शेते जनावरांना मोकळी होतात, परंतु जून ते ऑक्टोबर या काळात संपूर्ण काळी खरिपाखाली असते. बांधापलीकडे पाऊल टाकणे गुरांना वर्ज्य असते आणि चुकून शिरलेल्या जनावराची रवानगी कोंडवाड्यात होते. या कोंडवाड्यांना १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याचा आधार आहे. अशा महिन्यांत गायरान हीच गुरांची हक्काची जागा उरते. कापसाचे पीक तर हिवाळ्यातही शेतात उभे असते. त्यामुळे कापूसप्रधान गावात शेते मोकळी होण्यास विलंब लागतो आणि गायरानावरील भार तेवढा वाढतो. ज्याच्याकडे स्वतःची बांधावरील वैरण वा कडब्याची गंजी आहे, त्याला ही उणीव जाणवत नाही. भूमिहीनाला ती पहिल्याच पावसात जाणवते.

सामाईक भूमीचे आणखी एक रूप अमळनेर शहरातच पाहावयास मिळते. संत सखाराम महाराजांची वाडी आणि बोरीच्या पात्रातील त्यांची समाधी हे खानदेशातील वारकऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. वैशाख शुद्ध एकादशीचा रथोत्सव आणि पौर्णिमेची पालखी यांनिमित्त भरणारी यात्रा उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीपात्राच्या आश्रयाने भरते. वर्षातील काही आठवडे हे वाळवंट बाजारपेठ होते, पाळणे व खेळण्यांचे मैदान होते, भाविकांच्या मुक्कामाची जागा होते. पावसाळ्यात ते पुन्हा नदीचे होते. कोणाच्याही खासगी मालकीची नसलेली जागा ऋतूनुसार अनेकांची कशी होऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

वारशाची अंगे : नियम, माणसे आणि सण

वारसा म्हटले की किल्ला, मंदिर अथवा वाडा डोळ्यांसमोर येतो. सामाईक भूमीचा वारसा दगडात कोरलेला नसतो. तो वहिवाटीत असतो. सकाळी गावातील गुरे एकत्र करून रानात नेणारा गुराखी, त्याला धान्याच्या रूपाने मिळणारा मोबदला, दुपारी गुरे विसावण्याची झाडाखालची ठरलेली जागा, त्यांच्या पाण्याचा डोह आणि संध्याकाळी परतीची पाणंद या सर्वांची मिळून एक व्यवस्था होती. बैलपोळ्याचा सण गावाच्या गोधनाचा आहे. अक्षय्यतृतीया म्हणजे खानदेशातील आखाजी. या सणाला सालदाराचे जुने साल संपून नवे सुरू होते, तसेच माहेरवाशिणींचे झोके लिंबाच्या झाडांना बांधले जातात. कृषिवर्षाची ही वळणे गावाच्या मोकळ्या जागांवरच साजरी होत आली आहेत.

सामाईक साधनसंपत्ती नियमाने वापरण्याची खानदेशची क्षमता सिद्ध करणारे सर्वांत ठळक उदाहरण पाण्याचे आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धती शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा घालून पाटाने आणलेल्या पाण्याखालील क्षेत्राचे फड पाडले जात. एका फडात एकच पीक घेतले जाई आणि पिकांची पाळी दरवर्षी बदले. पाणी सोडणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या यांची नेमणूक लाभधारक शेतकरीच करीत. पाटांची साफसफाईही सर्वांनी मिळून करावयाची असे. येथे पाणी सामाईक होते, पण मोकाट नव्हते.

या परिसरातील चराईचा दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे मेंढपाळ. धुळे जिल्ह्यातील ठेलारी समाज मेंढ्यांचे कळप घेऊन वर्षातील मोठा काळ भटकंती करतो. रिकाम्या शेतात मेंढ्या बसविल्या की शेताला खत मिळते आणि मेंढपाळाला मोबदला. हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा आहे. मात्र एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना मधली वाट, पाणवठा आणि माळ खुला असेल तरच तो टिकतो. गायरान गावाचे असले तरी त्याचा उपयोग गावाच्या शिवेपाशी संपत नाही, हे यावरून लक्षात येते.

ब्रिटिश महसूल व्यवस्था आणि अर्थांतर

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा लढाया, दुष्काळ आणि लुटालुटीमुळे प्रदेशाचा मोठा भाग ओस पडलेला होता. माणसे थोडी व जमीन अधिक अशी स्थिती असल्याने चराईची टंचाई नव्हती. पुढे महसुली मोजणी सुरू झाली. १८५२ मध्ये सावदा-फैजपूर परिसरातील शेतकऱ्यांनी या मोजणीला संघटित विरोध केला, तो बळाने मोडून काढण्यात आला. मोजणीने प्रत्येक तुकड्याला क्रमांक, क्षेत्र आणि आकार दिला. जी जमीन कोणाच्या खात्यावर चढली नाही ती सरकारची ठरली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव वाढले, लोहमार्गाने खानदेशचा कापूस मुंबईशी जोडला आणि लागवडीखालील क्षेत्र विस्तारत गेले. राखीव वनांच्या धोरणाने डोंगराकडील चराईवरही बंधने आली. मैदानी गावाला उरले ते गायरान.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमात विशिष्ट प्रयोजनांसाठी जमीन राखून ठेवण्याची (कलम ३८) आणि चराईचे नियमन करण्याची (कलम ३९) तरतूद होती. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्याच आशयाच्या तरतुदी कलम २२ व २३ मध्ये आल्या. कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी विनामूल्य चराई, वैरणीचे राखीव क्षेत्र, दफनभूमी, गावठाण अशा कारणांसाठी सरकारी जमीन नेमून देऊ शकतो. कलम २३ अन्वये अशा चराईचा हक्क ज्या गावाला ती जमीन नेमून दिली आहे त्या गावाच्या गुरांपुरता मर्यादित राहतो.

या तरतुदींनी गायरान वाचविले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांनी त्याचा अर्थही बदलला. पूर्वी वहिवाटीने असलेली गोष्ट आता सरकारने नेमून दिल्यामुळे अस्तित्वात राहिली; आणि जे नेमून देता येते ते काढूनही घेता येते. शिवाय कायद्यात हक्क ‘गावाच्या गुरांचा’ आहे. गावातील कोणत्या कुटुंबाचा, किती जनावरांचा, कोणत्या ऋतूत आणि सरपण वा माती नेण्याबाबत काय, हे त्यातून स्पष्ट होत नाही. ठेलाऱ्यासारखा परगावचा मेंढपाळ तर त्यात कोठेच बसत नाही.

इंग्लंडमधील सामाईक कुरणे : एक तुलना

ज्या देशातून ही महसूल व्यवस्था आली, त्या इंग्लंडमध्येही गावोगावी ‘कॉमन’ नावाची कुरणे होती व आजही आहेत. तेथील कॉमन ही ‘सर्वांची’ जमीन नसते. तिला मालक असतो. मात्र त्या जमिनीवर इतर काही जणांचे ठरावीक हक्क असतात. जनावरे चारणे, जळणासाठी फांद्या तोडणे, इंधनासाठी वाळलेली गवताळ माती खणणे, हंगामात डुकरांना ओकची फळे खाऊ घालणे हे त्यांपैकी काही होत. १२१७ च्या वनसनदेत राजाच्या वनांतील अशा हक्कांना मान्यता मिळाली होती. पुढे १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून या जमिनी व खुली शेते कुंपणबंद केली. त्यांत इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळापैकी सुमारे एक पंचमांश जमीन आली. शेती सुधारली, पण लहान हक्कदार आणि मजूर गाय बाळगण्याच्या आधारालाही मुकले. उरलेल्या कुरणांच्या रक्षणासाठी १८६५ मध्ये लंडनमध्ये संस्था स्थापन झाली.

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक टप्पा १९६५ च्या नोंदणी कायद्याचा आहे. त्यानुसार प्रत्येक कॉमनची नोंदवही तीन भागांत तयार झाली : पहिला भाग जमिनीचा, दुसरा हक्कांचा आणि तिसरा मालकीचा. दुसऱ्या भागात कोणाला किती गुरे वा मेंढ्या चारण्याचा हक्क आहे हे नमूद होते. ही पद्धत निर्दोष नव्हती. मुदतीत न नोंदविलेले हक्क नष्ट झाले. काही ठिकाणी हक्क फुगवून नोंदविले गेले. त्यामुळे २००६ मध्ये नवा कायदा करावा लागला. आज इंग्लंडच्या भूमीपैकी सुमारे ३ टक्के क्षेत्र कॉमन म्हणून नोंदलेले आहे. आपल्याकडील गायरानाच्या सातबाऱ्यावर जमीन आहे, सरकारची मालकी आहे. दुसरा भाग, म्हणजे हक्कदारांचा, कोरा आहे.

हक्क नोंदविण्याची कल्पना महाराष्ट्राला सर्वस्वी परकी आहे असे नाही. मध्य प्रांताच्या परंपरेतून आलेले ‘निस्तारपत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ विदर्भात परिचित आहेत. निस्तारपत्रकात गावाच्या बिनव्याप जमिनीवरील चराई, सरपण, मुरूम, माती यांच्या वापराची योजना रहिवाशांचे मत विचारात घेऊन लिहिली जाते, तर वाजिब-उल-अर्जात पाट, वाट, मासेमारी यांविषयीच्या रूढी नोंदविल्या जातात. मुंबई इलाख्यातील खानदेशात ही परंपरा रुजली नाही.

ऱ्हास आणि दुहेरी दावा

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, सामाईक कुरणावर प्रत्येक जण स्वतःचा लाभ पाहून एकेक गुरू वाढवीत जातो व शेवटी कुरण नष्ट होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरातील उदाहरणांवरून दाखविले की, वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, देखरेख ठेवली आणि चुकणाऱ्यास पायरीपायरीने दंड केला तर सामाईक साधने दीर्घकाळ टिकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात राज्यांतील कोरडवाहू गावांची पाहणी केली. १९५० च्या दशकाच्या आरंभापासून तीन दशकांत सामाईक जमिनीचे क्षेत्र ३१ ते ५५ टक्क्यांनी घटले आणि गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात या साधनांचा वाटा १४ ते २३ टक्के होता, असे त्यांना आढळले. म्हणजेच गायरान आटते तेव्हा घट सर्वांची होते, परंतु झळ मुख्यतः गरिबांना लागते.

मात्र हा प्रश्न गरीब विरुद्ध श्रीमंत एवढा सरळ नाही. भूमिहीनांसाठी गायरान हीच जमीन मिळण्याची एकमेव शक्यता होती. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात खानदेशचा मोठा सहभाग होता. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करावी, ही त्यातील मागणी सामाजिक न्यायाची होती. राज्य शासनाने १९७८ व १९९१ च्या निर्णयांनी ठरावीक तारखांपूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. १९९१ च्या निर्णयात ही तारीख १४ एप्रिल १९९० होती. अनेक गावांत दलित व भिल्ल कुटुंबांची घरेही अशा जमिनींवर उभी आहेत. त्याच जमिनीवर शेळ्या चारणारे कुटुंबही बहुधा भूमिहीनच असते. दोन गरिबांचे दावे एकाच तुकड्यावर येऊन ठेपतात, ही या प्रश्नातील खरी वेदना आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत देण्याचे निर्देश राज्यांना दिले. तथापि भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना शासन निर्णयाने दिलेल्या जमिनी आणि शाळा, दवाखाना यांसारख्या सुविधा यांचा अपवाद मान्य केला. १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनाने त्यानुसार निर्णय काढला. पुढे गायरानाचा अन्य वापर रोखणारे कलम २२-अ संहितेत समाविष्ट झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली. राज्यभर अशी दोन लाखांहून अधिक बांधकामे असल्याची माहिती पुढे आली आणि नोटिसा निघाल्याने गावोगावी अस्वस्थता पसरली. दुसरीकडे कलम २२-अ मध्येच सार्वजनिक प्रकल्पांसाठी अपवादाची वाट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या उपक्रमांतही गायरानांचा वापर होत आहे. शेतीला दिवसा वीज मिळणे निःसंशय गरजेचे आहे. परंतु जेथे हक्कदारांची यादीच नाही, तेथे कोणाचे काय जाते हे विचारावयाचे तरी कोणाला, हा प्रश्न उरतो.

याशिवाय जे गायरान शिल्लक आहे त्याची गुणवत्ताही ढासळली आहे. गाजरगवत आणि वेडी बाभूळ यांनी चाऱ्याच्या गवताची जागा घेतली आहे. ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या कमी झाल्या, गुराख्याचे काम करावयास कोणी राहिले नाही आणि वापर घटला तसे रक्षणही सैल झाले.

पुनरुज्जीवनाची दिशा

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा हे आदिवासी गाव या संदर्भात मार्गदर्शक आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून सभोवतालचे उजाड वन राखले. चराईबंदी व वृक्षतोडबंदीचे नियम गावाने केले, दंड गावाने ठरविला आणि तो गावानेच वसूल केला. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याची भूमी वनाची आहे आणि समाज बहुतांशी एकजिनसी आहे. अमळनेरसारख्या मैदानी, अनेक जातींच्या व विषम जमीनधारणेच्या गावाला ते उदाहरण जसेच्या तसे लागू पडणार नाही. पण वापरणाऱ्यांनीच नियम करावेत आणि पाळावेत हे तत्त्व फड पद्धतीत होते, तेच बारीपाड्यातही दिसते.

या पार्श्वभूमीवर ग्रामसभेने गायरानाची स्वतंत्र हक्कनोंदवही ठेवणे ही पहिली पायरी ठरू शकते. तीत जमिनीची हद्द, चराई करणारी कुटुंबे व जनावरे, ऋतूनुसार ये-जा करणारे मेंढपाळ, सरपण नेणाऱ्या स्त्रिया, तेथे वस्ती करून असलेली कुटुंबे व त्यांचा कालावधी अशा सर्वांची नोंद व्हावी. इंग्लंडच्या अनुभवावरून एक दक्षता मात्र घ्यावी लागेल. नोंदणी करताना जो बोलू शकत नाही, त्याचा हक्क बुडतो. म्हणून भूमिहीन व भटके यांच्यापासूनच नोंदीचा आरंभ व्हावयास हवा. अशा नोंदवहीला आज महसुली नोंदीचे बळ नसले, तरी कोणताही प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला असता चर्चेसाठी ती ठोस आधार ठरेल.

या कामी महाविद्यालयांना मोठी संधी आहे. भूगोल विभागाला हद्दी व गवतांचे मानचित्रण, इतिहास विभागाला मोजणीकालीन नकाशांचा अभ्यास, अर्थशास्त्र विभागाला कुटुंबनिहाय उपयोगाची पाहणी, तर मराठी विभागाला शिवारातील जागांची अहिराणी नावे व त्यामागील कथा यांचे संकलन करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एखाद्या गावात भरते तेव्हा गायरानावर वृक्षारोपण करण्याआधी तेथे कोण काय चारते हे विचारण्याचा परिपाठ ठेवला, तरी पुष्कळ साध्य होईल.

समारोप

गायरान रिकामे नव्हते आणि आजही नाही. त्यावर गुरे, मेंढ्या, झोपड्या, सण आणि वाटा यांचे अनेक थर आहेत. महसुली व्यवस्थेने जमीन व मालकी यांची नोंद केली, हक्कांची केली नाही; त्यामुळे गायरानावरील प्रत्येक मनुष्य कागदावर एक तर अतिक्रमक ठरतो अथवा अदृश्य राहतो. बोरीचे वाळवंट दर वैशाखात भरते, कारण त्यावरील वहिवाट लोकांनी जपली आहे. गायरानावरील वहिवाट जपायची तर प्रथम ती लिहून काढावी लागेल, आणि ती जगणारी पिढी हयात आहे तोवरच हे शक्य आहे.